वायफाय मोबाईलवर चालतंय, पण लॅपटॉपला जोडलं जात नाही? दुकान गाठण्याआधी हे करून बघा

सीईटीचा फॉर्म भरायची शेवटची रात्र असो की सकाळची ऑनलाईन मीटिंग, लॅपटॉपचं वायफाय रुसायला नेमका तोच मुहूर्त साधतं. छत्रपती संभाजीनगरच्या पुंडलिकनगरसारख्या भागात, जिथं भिंतीला भिंत लागून घरं आहेत, तिथं हा त्रास जरा जास्तच. मग लॅपटॉप बॅगेत घालून दुकान गाठलं जातं. तिथं ‘विंडोज नवीन टाकावी लागेल’ असं सांगितलं जातं, पैसे जातात आणि घरी आल्यावर पुन्हा तेच! कारण बऱ्याचदा दोष लॅपटॉपचा नसतोच.

फॉर्मची मुदत आजच संपत असेल, तर दुरुस्ती नंतर करा. मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाईलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा आणि मोबाईलच्या डेटावर काम उरकून घ्या. केबल मात्र डेटा जाणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही.

आता मूळ प्रश्न. वायफाय आणि इंटरनेट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लॅपटॉपपासून राऊटरपर्यंतचा बिनतारी रस्ता म्हणजे वायफाय. राऊटरपासून पुढे, खांबावरून आलेल्या वायरीतून येतं ते इंटरनेट. यातला कुठला रस्ता बंद आहे, ते मोबाईलवर कळतं. पण मोबाईल डेटा बंद करून बघा! डेटा चालू असेल तर मोबाईल गुपचूप सिमवरून नेट घेतो आणि आपल्याला वाटतं वायफाय ठीक आहे.

मोबाईललाही नेट मिळत नसेल, तर लॅपटॉपला हात लावू नका. फायबरचं कनेक्शन असेल तर डब्यावरचा ‘लॉस’ नावाचा दिवा बघा. तो लाल लुकलुकत असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच घरापर्यंत येत नाहीये. वायर कुठंतरी तुटली किंवा वाकली आहे आणि ते काम कंपनीच्या माणसाचंच. दिवा लाल नसेल, पण लाईट जाऊन आल्यापासून नेट बंद असेल, तर फायबरचा डबा आणि राऊटर दोन्ही बंद करा. आधी डबा सुरू करा, दोन मिनिटं थांबा, मग राऊटर.

मोबाईलवर चालतंय आणि लॅपटॉपवर नाही?

मग लॅपटॉपवर नेमकं काय दिसतंय, त्यावर उपाय ठरतो.

वायफायचं चिन्हच गायब असेल, तर आधी एअरप्लेन मोड बघा. कीबोर्डच्या वरच्या ओळीतलं विमानाचं बटण चुकून दाबलं जातं, घरात लहान मुलं असतील तर हमखास. ते ठीक असेल तर डिव्हाईस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्समध्ये वायफाय कार्डाचं नाव शोधा, त्यावर राईट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाईस’ करा आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. ड्रायव्हर पुसण्याची चौकट दिसली तर तिच्यावर टिक करू नका, म्हणजे विंडोज तोच ड्रायव्हर परत बसवेल.

शेजाऱ्यांची दहा-बारा नावं दिसतात, पण आपलंच दिसत नाही? हा सगळ्यात गोंधळात टाकणारा प्रकार. राऊटर दोन पट्ट्यांवर चालतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. जुन्या, स्वस्त लॅपटॉपमधल्या कार्डाला बऱ्याचदा फक्त २.४ समजतं. राऊटरवर ५ चीच पट्टी चालू असेल, तर नवा मोबाईल जोडला जातो आणि लॅपटॉप आंधळा राहतो. दुसरं कारण चॅनेल. भारतात २.४ च्या पट्टीत १३ चॅनेल वापरता येतात, पण अमेरिकेच्या सेटिंगवर असलेल्या लॅपटॉपला १२ आणि १३ दिसत नाहीत. म्हणून राऊटरच्या सेटिंगमध्ये २.४ ची पट्टी चालू करा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ ठेवा. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत, त्यामुळे दाट वस्तीत शेजाऱ्यांच्या राऊटरचा त्रासही कमी होतो. या सेटिंगचा पत्ता आणि पासवर्ड राऊटरच्या खालच्या स्टिकरवर असतो.

नाव दिसतं, पण पासवर्ड घेत नाही? कुणीतरी राऊटरचा पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पाठवत बसतो. त्या नावावर ‘फर्गेट’ करा आणि नव्याने टाका. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत तपासा. पासवर्ड नक्की बरोबर असेल, तर राऊटरची सुरक्षा फक्त ‘डब्ल्यूपीए३’ वर आहे का बघा. ही पद्धत २०१८ मध्ये आली, त्याआधीच्या अनेक लॅपटॉपना ती कळत नाही. ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ असा मिश्र पर्याय निवडा.

‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ दिसत असेल, तर वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी अ‍ॅड्रेस बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राऊटरने लॅपटॉपला पत्ता दिलेलाच नाही. तिथंच ‘आयपी असाइनमेंट’ ऑटोमॅटिक करा आणि राऊटर रीस्टार्ट करा. तारीख-वेळही बघा. लॅपटॉपचं घड्याळ काही वर्षं मागे असेल, तर नेट असूनही सुरक्षित वेबसाईट उघडत नाहीत.

एवढं करूनही जमलं नाही, तर विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. याने साठवलेले सगळे वायफाय पासवर्ड पुसले जातात, त्यामुळे आधी लिहून ठेवा.

नेट फक्त आतल्या खोलीतच जात असेल, तर मधे काय आहे ते बघा. लोखंडी कपाट, पत्र्याचा कूलर आणि भरलेली पाण्याची टाकी हे तिन्ही सिग्नल अडवतात. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे ड्रम भरून ठेवण्याला पर्याय नाही, पण राऊटर त्यांच्यामागे ठेवू नका!

खरा धोका इथं आहे

वैतागून लोक कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधतात आणि तिथंच फसतात. भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर तिथं असतात. समोरचा माणूस गोड बोलून स्क्रीन शेअरिंगचं अ‍ॅप टाकायला लावतो, ‘दहा रुपये भरा’ म्हणतो आणि खातं रिकामं करतो. नंबर फक्त बिलावरचा किंवा कंपनीच्या अ‍ॅपमधला घ्या. वायफाय दुरुस्तीला ओटीपी किंवा यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

खऱ्या कंपनीकडे तक्रार केलीत की डॉकेट नंबर मागून घ्या. ट्रायच्या २०१२ च्या नियमांनुसार तो द्यावाच लागतो. तक्रार सुटली नाही तर त्याच नंबरवर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि त्याला शुल्क लागत नाही.