‘अपोकॅलिप्स नाऊ’ आणि उसनी भूमी

फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांच्या ‘अपोकॅलिप्स नाऊ’ (१९७९) या युद्धपटाची चर्चा बहुधा कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’चे रूपांतर म्हणूनच होते. कांगोच्या जागी कल्पित नुंग नदी आली, मार्लोचा विलर्ड झाला, हस्तिदंत गोळा करणारा कुर्ट्झ नाव तेवढे राखून सेनाधिकारी बनला. संहितांच्या या ताळेबंदात एक देश मात्र सुटतो. चित्रीकरणाची जागा रूपांतरमीमांसेला सहसा अप्रस्तुत वाटते. येथे ती तशी नाही.

चित्रपट १९७६-७७ मध्ये फिलिपिन्समध्ये चित्रित झाला. अमेरिकी संरक्षण खात्याने सहकार्य नाकारल्यावर मार्कोस राजवटीने हेलिकॉप्टरे पुरविली. देशात १९७२ पासून लष्करी कायदा होता, आणि हीच हेलिकॉप्टरे बंडखोरांवरील कारवाईसाठी चित्रीकरणातून ऐनवेळी परत बोलावली जात. युद्धाच्या देखाव्याचे वाभाडे काढणारा किलगोरच्या हल्ल्याचा प्रसंग असा एका चालू युद्धाच्या यंत्रसामग्रीवर उभा आहे.

योगायोग त्याहून जुना आहे. कॉनरॅडची कथा ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये फेब्रुवारी १८९९ पासून क्रमशः आली. त्याच महिन्यात फिलिपिन्समध्ये अमेरिकेचे वसाहतयुद्ध पेटले आणि त्या बेटांना उद्देशून किपलिंगची ‘व्हाइट मॅन्स बर्डन’ ही कविता प्रसिद्ध झाली. म्हणजे कथेला समकालीन असलेली अमेरिकी वसाहत दिग्दर्शकाच्या पायांखालीच होती. पडद्यावर तिचा मागमूस नाही. इफुगाव लोक कुर्ट्झची प्रजा म्हणून उभे राहतात. त्यांनी दिलेला रेड्याचा बळी खरा, पण त्याचा अर्थ कुर्ट्झच्या हत्येकडून उसना घेतलेला.

एका युरोपीय मनाच्या पडझडीसाठी कॉनरॅडने आफ्रिकेला निव्वळ नेपथ्य केले, हा चिनुआ अचेबे यांचा १९७५ च्या व्याख्यानातील आक्षेप येथे दुहेरी लागू पडतो: व्हिएतनाम अमेरिकी मनाचे नेपथ्य, आणि फिलिपिन्स त्या नेपथ्याचेही नेपथ्य.

‘हार्ट्स ऑफ डार्कनेस’ (१९९१) या माहितीपटाने हे झाकणे पक्के केले. वादळाने उद्ध्वस्त झालेले सेट, मार्टिन शीनचा हृदयविकाराचा झटका या साऱ्यांतून तेथे दिग्दर्शकाचीच कुर्ट्झयात्रा रंगते. पुढे ‘रिडक्स’ (२००१) या आवृत्तीत फ्रेंच मळेवाल्यांचा वगळलेला प्रसंग परतला. वसाहतीचा इतिहास त्यात उघडपणे बोलला जातो, परंतु तो फ्रेंचांचा. ज्या भूमीवर तो मळा उभारला तिचा नव्हे.