तंजावरची शस्त्रे : पाते कोणाचे, मूठ कोणाची?

तंजावर म्हटले की मराठी मनाला सरस्वतीमहालातील पोथ्या आठवतात. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ शिलालेख आठवतो. त्याच राजवाड्यात शस्त्रांचेही मोठे भांडार होते, याचा मात्र आपल्याला विसर पडला आहे.

१८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि तंजावरचे राजपद संपले. त्या वेळी संगीतमहालात नायककाळापासूनच्या शस्त्रांचे ढीग होते. १८६३ च्या सुमारास त्यांतील निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयाकडे गेली. उरलेली मोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकण्यात आली. वॉलहाउस या इंग्रज गृहस्थाने १८७८ साली ‘इंडियन अँटिक्वरी’त ही हकीकत नमूद करून ठेवली आहे.

जे वाचले ते देशोदेशी विखुरले, आणि ‘तंजावर’ या नावालाच बाजारात मोल आले. मोल आले की नकलाही आल्याच. मग खरे कोणते?

प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. तंजावरच्या पुष्कळ कट्यारींचे पाते युरोपातले असून मूठ दक्षिणी कारागिराची आहे. अशा विलायती पात्याच्या तलवारीला मराठीत ‘फिरंग’ म्हणत. लांब पाते मोडले, तर तुकडा टाकून न देता त्याची कट्यार करीत. म्हणजे पाते एकीकडचे व मूठ दुसरीकडची, एवढ्यावरून शस्त्र खोटे ठरत नाही. उलट युरोपीय ठसा दिसला म्हणून पाते युरोपीयच, असेही नव्हे. आपले लोहार ते ठसे हुबेहूब उठवीत.

अमेरिकेतील कोल्ट रिव्हॉल्वरवरचे नक्षीकाम मूळचे की मागाहूनचे, हे कारखान्याच्या नोंदवहीवरून पुष्कळदा कळते. मोडीत काढलेल्या शस्त्राची अशी नोंद कोण ठेवणार? म्हणून जाणकार सांधा पाहतो. रिव्हेट पात्याइतकेच झिजले आहेत काय? गंज सांध्याच्या आतपर्यंत सलग आहे, की तिथे कानशीची ताजी खूण दिसते? सोन्याचे काम हाताच्या घर्षणाने जिथे झिजावे तिथेच झिजले आहे ना? पोलादावरील जौहर धातूच्या अंगचा आहे, की तेजाबाने वरवर रेखलेला?

राजाच्या आज्ञेने घडलेला जोड आणि दुकानदाराने गिऱ्हाईकासाठी जुळवलेला जोड यांत अंतर आहे. पहिला इतिहास आहे, दुसरा इतिहासाची चोरी. शस्त्रागार मोडीत गेले. त्याची साक्ष आता पुष्कळशी या बारीक सांध्यांतच उरली आहे.