जात्यावरची ओवी



गावात पिठाची गिरणी येण्याआधी आपल्या आज्या-पणज्या भल्या पहाटे जात्यावर बसायच्या. दळण म्हणजे कष्टच, हाताला घट्टे पडायचे. पण ते चुकत नव्हतं. मग दोघी समोरासमोर बसून एकच खुंटा धरायच्या आणि ओवी सुरू व्हायची. विठ्ठल, भाऊ, माहेर, सासरचा जाच, सगळं तिच्यात यायचं. पायली कधी सरली कळायचं नाही.

हेमा राईरकर, गी पॉइटवां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून त्या ‘पारी’च्या संकेतस्थळावर येऊ लागल्या. पीठ त्याच दिवशी संपायचं, ओव्या अजून आहेत.

गिरणीनं कष्ट वाचवले, ते बरंच झालं. जातं परत आणायला नको. पण अंगाची हालचाल कमी झाली आणि मन मोकळं करायची जागाही गेली. आता डॉक्टर बीपी-शुगरसाठी रोज चालायला सांगतात. एकटी बाई चार दिवस चालते, मग कंटाळते. म्हणून गटातल्या दोघी-तिघी मिळून निघू या. वाटेत आजीची एखादी ओवी आठवू या. वजनकाट्याचं नंतर बघू.