कुणाचा रे तू?

लहानपणी फराळाचे ताट घेऊन आम्ही वाड्यातल्या बिऱ्हाडांतून हिंडत असू. दार उघडणारी एखादी आजी ताटाआधी माझ्या तोंडाकडे बघे आणि विचारी, “कुणाचा रे तू?” वडिलांचे नाव सांगितले, की हातावर करंजी पडे. प्रश्न साधा आणि उत्तर त्याहून सोपे. पुढे उस्मानी तुर्कांचा इतिहास वाचताना ध्यानात आले, की हाच प्रश्न एक साम्राज्य मुलांना शतकानुशतके विचारीत होते, आणि उत्तर पुष्कळदा मुलाच्या हाती नव्हते.

त्या साम्राज्यात मुसलमान, ग्रीक, सर्ब, आर्मेनियन, 1492 साली स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू, असे नाना धर्मांचे लोक नांदत. बहुतेक मुले आपापल्या जमातीच्या शाळेत शिकत. मुसलमान मूल प्रथम शाळेत निघाले, की त्याला नटवून तट्टावर बसवीत आणि बरोबरची पोरे ‘आमीन, आमीन’ असा गजर करीत. ज्यू मूल घरात स्पेनची जुनी भाषा बोले. रमजानच्या रात्री काराग्योझ हा चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ रंगे. त्यात ज्यू, आर्मेनियन, अरब, आल्बेनियन अशी सारी पात्रे आपापल्या बोलीच्या ढबीने लोकांना हसवीत.

पण याच राज्यात ‘देवशिर्मे’ नावाची एक पद्धत होती. शब्दाचा अर्थ ‘गोळा करणे’. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढे सुमारे तीन शतके सरकारी अधिकारी बाल्कन प्रदेशातल्या ख्रिस्ती गावांत येत आणि साधारणतः चाळीस घरांमागे एक मुलगा नेत. एकुलत्या एकाला वगळावे, असा नियम होता. लग्न झालेल्यालाही नेत नसत. म्हणून काही आईबाप कोवळ्या पोरांची घाईघाईने लग्ने उरकीत! नेलेल्या मुलाला मुसलमान करून नवे नाव देत. बरेचसे जानिसारी फौजेत जात, आणि निवडक हुशार मुले राजवाड्यातल्या शाळेत. शेतकऱ्याचा पोर वजीर होऊ शके. मात्र त्यासाठी त्याला आधी आईचे घर सोडावे लागे.

बोस्नियातल्या सोकोलोविची गावचा एक सर्ब मुलगा असाच नेला गेला. तोच पुढे सोकोल्लू मेहमेद पाशा झाला. 1565 पासून 1579 साली खून होईपर्यंत तो तीन सुलतानांचा मुख्य वजीर होता. त्याने आपल्या मुलखात, विशेग्रादला, द्रिना नदीवर अकरा कमानींचा दगडी पूल बांधवला. 1571 ते 1577 या काळात झालेल्या या कामाचा स्थपती सिनान, आणि तोही देवशिर्म्यातच नेलेला! 1557 साली सर्बांचे पेचचे धर्मपीठ पुन्हा सुरू झाले, तेव्हा त्या गादीवर सोकोल्लूचाच एक आप्त बसला. पाशा आपले घर विसरला होता, असे मला तरी म्हणवत नाही.

ही कथा सांगून थांबावे, असा मोह होतो. पण पूल बांधण्याइतके मोठे किती जण झाले? आणि सगळ्यात जुलमी अध्याय तर शेवटी आला. 1915 साली आर्मेनियन लोकांची हद्दपारी आणि कत्तल झाली. बैरूतजवळ आंतूरा येथे जमाल पाशाने काढलेल्या अनाथालयात आर्मेनियन मुलांना तुर्की नावे आणि क्रमांक दिले गेले. आपली भाषा बोलणाऱ्याला मार बसे. तिथून वाचलेल्या कार्निग पानियान यांनी म्हातारपणी हे सारे लिहून ठेवले.

युद्ध संपल्यावर, 1919 साली, इस्तंबूलमध्ये ‘तटस्थ घर’ उघडले. ज्या अनाथांबद्दल वाद होता, त्यांना तिथे ठेवून ती तुर्की की आर्मेनियन, हे ठरवायचे होते. आर्मेनियन म्हणत, भीतीने मुले आपले नाव लपवितात. तुर्क म्हणत, आमची मुले आर्मेनियन ठरविली जातात. मध्ये उभे पाच-सात वर्षांचे पोर. त्याला विचारायचे, “कुणाचा रे तू?” ते काय सांगणार? जे सांगू शकले असते, ते आईबाप उरले नव्हते.

1922 साली सुलतानशाही संपली. विशेग्रादचा पूल आजही उभा आहे.

आता दिवाळीत माझ्या दारी ताट घेऊन मुले येतात. सवयीने तोच प्रश्न ओठांवर येतो. मी तो गिळतो आणि आधी हातावर लाडू ठेवतो. नाव काय ते खाता-खाता पोरे आपणच सांगतात.