मागे उभा राहणारा

आमच्या आजऱ्याहून गडहिंग्लज तासाभराच्या आत येतं. मिरचीच्या बाजाराचं हे गाव फुटबॉलवेडं आहे असं पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना सांगितलं की ते आधी हसतात. दिवाळीच्या सुट्टीत एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा भरतात, तेव्हा बाहेरगावचे संघ येतात आणि लोक फराळाचं ताट बाजूला सारून मॅच बघायला जातात. कोल्हापूरचं तर सांगायलाच नको. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, ही नावं मुळात तालमींची, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यांची. पण आज शाहू स्टेडियमवर या तालमी एकमेकींशी लढतात त्या फुटबॉलने. पेठापेठांतलं वैर आणि प्रेम दोन्ही त्या नव्वद मिनिटांत बाहेर पडतं.

आमच्याकडे कुणी फुटबॉलची आठवण सांगायला बसला की तो गोलाचीच सांगतो. अमक्याने अर्ध्या मैदानातून मारला, तमक्याने डोक्याने घातला. २०१७ साली भारतात सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता आणि जिल्हाभर त्याचं कौतुक झालं. ते व्हायलाच हवं होतं. अनिकेत पुढच्या फळीतला. पण एखादा बॅक चाळीस मॅचेस नीट खेळला, त्याच्या बाजूने कुणी आत शिरू शकलं नाही, अशी गोष्ट पारावर बसून सांगितलेली मी ऐकलेली नाही. सांगायची तरी कशी? जे घडलंच नाही ते कसं सांगणार?

हा प्रश्न मला फुटबॉलपेक्षा इतिहास शिकवताना जास्त छळायचा. आमच्या आसपासचंच उदाहरण घ्या. नेसरीला प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. १६७४ साली बहलोलखानाच्या फौजेवर सहा सोबत्यांनिशी तुटून पडले आणि सातही जण कामी आले. लहान पोरालाही ही गोष्ट ठाऊक असते. त्याच मुलखात सामानगड आहे. त्या गडावर पिढ्यान्‌पिढ्या गडकरी राहिले. दरवाजा राखायचा, रात्री गस्त घालायची, बदल्यात जमीन कसून खायची. एवढ्या वर्षांत त्यांनी काय केलं, याची इतिहासाने नोंद केली नाही, कारण गडावर कुणी चढून आलं नाही हेच त्यांचं काम होतं. नोंद झाली ती १८४४ साली. दाजी कृष्ण पंडितांच्या कारभारात त्यांच्या सेवेच्या जमिनींना हात लागला, तेव्हा सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि इंग्रजांना तोफा घेऊन यावं लागलं. म्हणजे राखणदार पुस्तकात आला तो बंड केल्यावर. राखण केली म्हणून नव्हे.

हे सगळं मनात असल्यामुळे असेल, पण गेली काही वर्षं मी एका बॅकची कारकीर्द निगुतीने पाहतो आहे. तो कोल्हापूरचा नाही, मुंबईचा. राहुल भेके. जन्म ६ डिसेंबर १९९०.

भेके मोठा झाला तो काळ मुंबईच्या फुटबॉलचा पडता काळ होता. महिंद्र युनायटेडसारखा जुना, नावाजलेला संघ कंपनीने २०१० मध्ये बंद केला. त्यानंतर आय-लीगमध्ये मुंबईचं नाव सांगणारा जो मुंबई एफसी संघ होता, त्यातून भेके खेळला. संघ गरीब होता. नाव मुंबईचं, पण काही हंगाम घरचे सामने पुण्याला बालेवाडीत जाऊन खेळावे लागले. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील. हाताशी महागडे खेळाडू नाहीत म्हटल्यावर आधी आपलं दार नीट लावून घ्यायचं, मग बाहेर बघायचं, अशी त्यांची पद्धत. २०१७ मध्ये हाही संघ खालच्या श्रेणीत घसरला आणि मिटला.

तोवर भेके कोलकात्याला ईस्ट बंगालकडे गेला होता. मराठी पोराने पोटासाठी मुंबईला जायचं हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलं. इथे मुंबईचं पोर पोटासाठी कोलकात्याला! तिथे फुटबॉलपटूला क्लब पगार देतो आणि चुकला तर प्रेक्षक त्याला फाडून खातात. त्या वर्षांत देशात दोन स्पर्धा शेजारी शेजारी चालत. वर्षअखेरीला आयएसएल, ती संपली की आय-लीग. खेळाडू एका संघाचा असून दोन-तीन महिने दुसऱ्याकडे उसना जायचा. भेके असाच २०१५ ला केरळ ब्लास्टर्सकडे आणि २०१६ ला पुणे सिटीकडे गेला. पुढे २०१९ ला पुणे सिटीही बंद पडला. एका बॅकच्या चरित्रातली ही गावं बघा. तो पुढे जातो आणि त्याच्या मागे संघ मिटत जातात. जुन्या संघाच्या वह्या, फोटो, सामन्यांचे तपशील कुठे गेले असतील देव जाणे. शाळा बंद पडली की हजेरीपटांचं जे होतं तेच.

२०१७ मध्ये तो बंगळुरूला गेला आणि तिथे जम बसला. कधी उजव्या बाजूचा बॅक, कधी मधला. ही दोन वेगळी कामं आहेत. बाजूच्या बॅकला संधी मिळाली की धावत वर जाता येतं, आणि प्रेक्षकांना तो दिसतो तरी. मधल्याला आपली जागा सोडता येत नाही. त्याचं निम्मं काम बोलण्याचं असतं. शेजाऱ्याला आत घे, याला पकड, ओळ पुढे सरकव, म्हणजे समोरचा ऑफसाइड होईल. आता संगणकावर सगळं मोजतात, किती चेंडू हिसकावले, किती अडवले, किती लांब मारले. पण बॅक योग्य जागी उभा आहे हे पाहून समोरच्याने पास दिलाच नाही, तर तो कोणत्या रकान्यात टाकायचा? वर्गात शिक्षक नुसता उभा असला तरी मागच्या बाकावरची मारामारी होत नाही. इन्स्पेक्शनच्या फॉर्ममध्ये मात्र त्याला रकाना नसे.

तर मंडळी, भेकेला इतिहासात जागा मिळाली ती मागे उभं राहून नव्हे, पुढे जाऊन. कॉर्नर किक मिळाली की बॅकना काही क्षण आपली जागा सोडून समोरच्या गोलापुढे जायची मुभा असते. उंच असतात, हेडिंग चांगलं असतं म्हणून.

१७ मार्च २०१८. बंगळुरूच्या घरच्या मैदानावर आयएसएलची अंतिम लढत. सुनील छेत्रीने सुरुवातीलाच गोल केला, पण चेन्नईयनच्या मेलसन आल्व्हेस नावाच्या बॅकने कॉर्नरवरून डोक्याने दोन गोल घातले आणि बंगळुरू ३-२ हरलं. समोरच्या बॅकने डोकं लावलं की त्याला राखायचं काम आपल्या बॅकचंच. त्यामुळे त्या दोन गोलांचा बोल कुणाला लागला असेल हे सांगायला नको. महिनाभराने भुवनेश्वरला सुपर कपची अंतिम लढत झाली, समोर भेकेचा जुना संघ ईस्ट बंगाल. एका गोलाने मागे असताना बरोबरी करणारा गोल भेकेने डोक्याने केला आणि बंगळुरू ४-१ जिंकलं.

आणि मग १७ मार्च २०१९, बरोबर वर्षाने, तीच तारीख. पुन्हा आयएसएलची अंतिम लढत, या वेळी समोर एफसी गोवा. मैदान मुंबईत, अंधेरीचं. नव्वद मिनिटं गोल नाही. जादा वेळेत गोव्याचा अहमद जाहूह दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर गेला. पेनल्टी शूटआउट अगदी दारात आलं असताना दिमास देल्गादोने कॉर्नर घेतला आणि भेकेने डोकं लावलं. १-० . बंगळुरूचं पहिलं आयएसएल विजेतेपद. ज्या शहरात त्याला धड संघ मिळाला नाही, त्याच शहरात त्याने तो गोल केला, दुसऱ्या शहरासाठी.

त्या गोलानंतर अडीच-तीन महिन्यांत थायलंडमधल्या किंग्ज कपमध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, तो पहिल्यांदा भारताकडून खेळला. निवड गोलामुळे झाली असं मी म्हणणार नाही. तो वर्षानुवर्षं नीट खेळतच होता. पण निवड समित्याही माणसांच्याच असतात आणि माणसांना गोल आठवतो.

२०२१ ला तो मुंबईला परतला, आता मुंबई सिटीकडून. पुढच्या वर्षी ११ एप्रिलला रियाधला आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबशी सामना झाला. हा लहान संघ नव्हे. एएफसी कप त्याने २०१६ ते २०१८ लागोपाठ तीनदा जिंकलेला, आणि त्यातला पहिला अंतिम सामन्यात बंगळुरूलाच हरवून. त्या सामन्यात ज्या हम्मादी अहमदने गोल केला होता त्यानेच रियाधलाही गोल करून इराकला पुढे नेलं. मग दिएगो मॉरिसिओने पेनल्टीवर बरोबरी केली आणि कॉर्नरवर भेकेने डोक्याने दुसरा गोल घातला. २-१. चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबने जिंकलेला हा पहिला सामना. कॉर्नर घेणारा कोण? अंधेरीला बाहेर गेलेला तोच अहमद जाहूह, आता त्याचा सहकारी. नाटककाराने असं लिहिलं असतं तर आपण नाकं मुरडली असती.

या सामन्याची आठवण निघाली की भेकेच्या गोलाची निघते. गोलानंतर उरलेल्या पंधरा-वीस मिनिटांत इराकी संघाने जीव खाऊन हल्ले केले, ते परतवणाऱ्यांतही तो होताच. त्याची आठवण कुणाला?

हे आपल्याकडेच होतं असंही नाही. युरोपातलं बॅलन डी'ऑर पारितोषिक १९५६ पासून चालू आहे. एवढ्या वर्षांत ते बचावपटूंपैकी तिघांनाच मिळालं: बेकनबाउअर (दोनदा), झामर आणि कानाव्हारो. गोलकीपर तर एकच, रशियाचा लेव्ह याशिन, १९६३ साली. बाकी सगळी रांग गोल करणाऱ्यांची आणि करवणाऱ्यांची. सामानगडचे गडकरी सगळ्या जगात आहेत म्हणायचं.

मुंबई सिटीने २०२२-२३ ला लीग शील्ड जिंकली, सलग १८ सामने न हरता. ४ मे २०२४ ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला ३-१ हरवून आयएसएल चषक उचलला तेव्हा कर्णधार भेके होता. बघा, मला इथे लिहायला फारसं काही नाही! संघ हरला नाही, गोल कमी खाल्ले, कर्णधार शांत होता. दोन ओळींत संपलं. वर एका हेडरवर मी परिच्छेद खर्ची घातला. तुम्हीही तोच जास्त मन लावून वाचला असेल.

देशाचं मात्र त्या वर्षी वाईट चाललं होतं. २०२४ मध्ये भारताचा संघ एकही सामना जिंकला नाही. नोव्हेंबरात हैदराबादला मलेशियाशी १-१ बरोबरी झाली. भारताचा गोल कुणाचा? ब्रँडन फर्नांडिसचा कॉर्नर आणि भेकेचं डोकं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवला ३-० हरवलं तेव्हा कुठे विजयाचा दुष्काळ संपला. पहिला गोल पुन्हा तसाच, ब्रँडनचा कॉर्नर आणि भेके. तेव्हा तो चौतिशीत होता आणि पुन्हा बंगळुरूकडून खेळत होता. देशाला गोल करणारे मिळेनात म्हणून चौतिशीतल्या बॅकने ते काम करायचं, याचा अभिमान वाटावा की काळजी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या जिल्ह्याबद्दल एक बोलतो. कोल्हापुरात मैदान भरतं, पण फुटबॉलपटूचं पोट भरत नाही. तालमींना लोक आहेत, व्यावसायिक संघ नाही. पुढच्या फळीतला चमकदार मुलगा कुणाच्या तरी नजरेत भरतो आणि बाहेर पडतो. मागच्या फळीतल्याला पाहायला बराच काळ मैदानाजवळ बसावं लागतं, आणि एवढा वेळ बसणारा माणूस पगार देऊन ठेवावा लागतो. तो आपल्याकडे कोण ठेवणार? शिवाजी पेठेत किंवा गडहिंग्लजमध्ये भेकेच्या तोडीचे किती बॅक तिशीच्या आत बूट खुंटीला टांगून दुकानात बसले असतील, याचा हिशेब नाही.

असो. ऑगस्ट २०२५ मध्ये भारताच्या प्रशिक्षकपदी खालिद जमील आले, मुंबई एफसीचे तेच. त्यांनी भेकेला ताजिकिस्तानला सीएएफए नेशन्स कपसाठी नेलं. ८ सप्टेंबरला तिसऱ्या क्रमांकासाठी ओमानशी सामना होता. १-१ बरोबरी, जादा वेळेतही तेच, मग पेनल्टी शूटआउट. आपल्याकडून दोघांचे चुकले. भेकेने आपला नीट आत मारला. भारत ३-२ जिंकला आणि तिसरा आला. फुटबॉलच्या नियमाप्रमाणे शूटआउटमधला गोल खेळाडूच्या खात्यावर मांडत नाहीत.