जॉइंट शाफ्ट (अवजड वाहनांचा)

जॉइंट शाफ्ट : गिअरबॉक्समधून बाहेर पडणारी ताकद ॲक्सलच्या हाउजिंगमधल्या क्राउन-पिनियनपर्यंत पोचवणारा, दोन्ही टोकांना क्रॉस असलेला फिरता दांडा. कारखान्यात त्याला प्रोपेलर शाफ्ट किंवा कार्डन शाफ्ट म्हणतात; गॅरेजात नुसते ‘जॉइंट’ म्हटले तरी कळते. गिअरबॉक्स चासीला घट्ट बांधलेला असतो, पण हाउजिंग पाट्यांवर वरखाली होत राहते. त्यामुळे त्यांना जोडणाऱ्या दांड्याला फिरता फिरता कोनही बदलावा लागतो आणि लांबीही. कोनाचे काम क्रॉस करतो, लांबीचे काम दातेरी सरकता भाग, म्हणजे स्लिप. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत ट्रान्सफर केसपासून पुढे एक आणि मागे एक असे दोन शाफ्ट निघतात. रानात, खाणीत, नदीपात्रात चालणाऱ्या अवजड गाडीचा शाफ्ट बदलून अधिक दमाचा बसवणे आणि त्यासाठी भाग मिळवणे हा या नोंदीचा विषय आहे. सोलापूर जिल्हा डोळ्यांसमोर ठेवूनच ती लिहिली आहे.

सोलापूरची परिस्थिती : उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि माढा, पंढरपूर, माळशिरस, मोहोळ या तालुक्यांत उसाचे क्षेत्र वाढत गेले. साखर कारखान्यांच्या संख्येत हा जिल्हा राज्यात पुढे आहे. हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चच्या आसपास संपतो. या काळात दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर आणि दहा चाकी ट्रक थेट उसाच्या फडात उतरतात. त्यांच्याखेरीज मुरूम-खडीचे टिपर आहेत आणि पाण्याच्या शोधात शेताशेतांत शिरणाऱ्या बोअरच्या गाड्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडेहून येतात. ट्रॅक्टर वगळता ही कागदोपत्री रस्त्यावरची वाहने असली तरी त्यांच्या शाफ्टला सर्वांत जास्त ताण रानात सोसावा लागतो.

भीमा-सीनेच्या खोऱ्यातली काळी जमीन ओली झाली की फुगते आणि चाकाला धरते. वाफसा न आलेल्या रानात भरलेला ट्रक रुतला की ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये रेस देतो, चाक जागच्या जागी फिरते. बघणाऱ्याला वाटते, शाफ्ट आता तुटेल. पण धोका त्या क्षणी नसतो. चिखलात चाकाला पकड नसल्याने शाफ्टवर येणारा टॉर्कही मर्यादित राहतो. धोका पुढच्या क्षणाचा असतो. घुमणारे चाक बांधावरच्या मुरुमाला किंवा डांबरी रस्त्याच्या कडेला लागते, एकदम पकड घेते आणि इंजिन, फ्लायव्हील, गिअर यांत साठलेला सगळा वेग एका हिसक्यात शाफ्टमध्ये उतरतो.

हिशेब करून पाहावा. इंजिनाचा टॉर्क ६०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ७ पट, ट्रान्सफर केसचा लो गिअर २ पट धरला, तर शाफ्टवर ८,४०० न्यूटन-मीटर येऊ शकतात. आता चाकाच्या बाजूने मोजावे. मागच्या ॲक्सलवर १० टन वजन, कोरड्या कठीण जमिनीची पकड ०.८, टायरची त्रिज्या अर्धा मीटर आणि क्राउन-पिनियनचे प्रमाण ६ असेल, तर सुमारे ६,५०० न्यूटन-मीटरला चाक घसरू लागते. त्यापुढचा टॉर्क शाफ्टला सोसावाच लागत नाही. यांतला लहान आकडा शाफ्टची गरज सांगतो आणि हिसक्यासाठी त्यावर भरपूर सूट ठेवायची असते. ओल्या काळ्या मातीत पकड याच्या निम्म्याहूनही खाली जाते. गाडीत जास्त वजन भरले किंवा मोठे टायर चढवले की गरजेचा आकडा वाढतो. शाफ्ट बदलायचा विचार या हिशेबापासून सुरू झाला पाहिजे. दुसऱ्याच्या गाडीला काय बसवले आहे, हे नंतर पाहावे.

इतिहास : क्रॉसची मूळ कल्पना सोळाव्या शतकातल्या जेरोलामो कार्दानो या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. सतराव्या शतकात इंग्लंडच्या रॉबर्ट हुकने या सांध्याचा अभ्यास केला. मोटारीत तो टिकाऊपणे बसवला क्लॅरेन्स स्पायसर या अमेरिकी तरुणाने. त्याला १९०३ मध्ये पेटंट मिळाले आणि १९०४ मध्ये त्याने न्यू जर्सीतल्या प्लेनफील्ड इथे उत्पादन सुरू केले. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपमध्ये स्पायसरचेच सांधे होते. महिंद्रांनी १९४० च्या दशकाअखेरीस मुंबईत माझगावला या जीपची जुळणी सुरू केली आणि तिच्याबरोबर हा सगळा जोडसंच महाराष्ट्रातल्या गॅरेजांच्या ओळखीचा झाला. पुढे पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसवण्याची लाट आली. डिझेलचा टॉर्क खालच्या फेऱ्यांवरच मोठा असतो. जुना शाफ्ट आणि जुना क्रॉस त्यापुढे अपुरे पडू लागले, आणि शाफ्ट बदलण्याचे काम आपल्याकडच्या कितीतरी मिस्त्रींनी त्याच निमित्ताने शिकून घेतले.

भरीव दांडा की पोकळ नळी : शाफ्ट पिळला की लेथवर जाऊन ५० मिलिमीटरचा भरीव दांडा करून आणायचा, हा सर्रास सांगितला जाणारा उपाय आहे आणि बहुतेक वेळा तो चुकीचा आहे. बाहेरून ७५ आणि आतून ७० मिलिमीटर व्यासाची नळी त्याच पोलादाच्या त्या दांड्याच्या ८१ टक्के पीळ सोसते आणि वजन मात्र त्याच्या २९ टक्केच असते. पीळ कडेच्या धातूवर येतो. मधला धातू नुसता ओझे होऊन बसतो. लांबी दोन मीटर धरली तर भरीव दांडा सुमारे ३१ किलोचा होतो, नळी ९ किलोची.

वजनाहून गंभीर अडचण फेऱ्यांची आहे. प्रत्येक शाफ्टची एक फेऱ्यांची मर्यादा असते. तिथे पोचल्यावर तो मधोमध फुगून दोरीसारखा उडू लागतो. दोन मीटरच्या त्या भरीव दांड्याची ही मर्यादा मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्या आहे, नळीची सुमारे ३,१००. चालवताना या आकड्याच्या पाऊण हिश्शाच्या आतच राहावे लागते. म्हणजे टॉप गिअरमध्ये २,५०० फेऱ्यांनी पळणाऱ्या ट्रकला ही नळीसुद्धा दोन मीटर लांब चालणार नाही. शाफ्ट दोन तुकड्यांत करून मध्ये सेंटर बेअरिंग द्यावे लागेल. भरीव दांडा रानात तगतो, पण रिकामी गाडी पुणे महामार्गावर वेगात निघाली की फाटतो आणि गिअरबॉक्सचे मागचे बेअरिंगही घेऊन जातो. ताकद वाढवायची तर नळीचा व्यास वाढवावा. जाडी वाढवून तेवढा फायदा होत नाही. त्याआधी शाफ्ट आणि चासीची आडवी पट्टी यांत नवा व्यास मावतो का, हे पाटे पूर्ण दाबून तपासावे.

क्रॉस आणि त्याचे माप : खरी ताकद क्रॉसच्या मापावर ठरते आणि भाग आणताना सर्वांत जास्त फसगतही इथेच होते. स्पायसरच्या क्रमांकांची पद्धत आपल्या बाजारातही चालते. १३१० मालिकेत क्रॉसच्या टोकावरचा, आत सुया असलेला कप २७ मिलिमीटरचा, कपांच्या बाहेरून बाहेर रुंदी ८१.८. १३५० चा कप ३०.२, रुंदी ९२.१. १४१० चा कप तोच ३०.२, पण रुंदी १०६.४. १४८० ची रुंदी तीच १०६.४, पण कप ३४.९. म्हणजे नुसता कप मोजला तर १३५० आणि १४१० सारखे वाटतात, नुसती रुंदी मोजली तर १४१० आणि १४८०. दुकानात ‘अमक्या गाडीचा क्रॉस द्या’ म्हणणाऱ्याला हमखास चुकीचा मिळतो, कारण जुन्या गाडीत मधल्या मालकाने काय बसवले आहे, हे गाडीच्या नावावरून कळत नाही. व्हर्नियरने दोन्ही मापे घ्यावीत. लॉक कपाच्या आतून बसतो की बाहेरून, तेही पाहावे. फ्लँजच्या बोल्टांची संख्या, त्यांच्या वर्तुळाचा व्यास आणि मधल्या उठावाचा व्यास मोजावा, स्लिपचे दाते मोजावेत. शाफ्टची लांबी गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असताना घ्यावी. जॅकवर हाउजिंग लोंबकळते आणि माप चुकते.

क्रॉस मोठा केला की योक, म्हणजे क्रॉसला दोन कानांत धरणारा भाग, आणि फ्लँजही मोठे लागतात. बोल्ट १०.९ ग्रेडचेच घ्यावेत, साधा ८.८ चा बोल्ट हिसक्याने हळूहळू ताणतो, ढिला होतो आणि मग कातरला जातो. तरीही सगळे भाग एकाच दमात भक्कम करू नयेत, असे या नोंदीचे स्पष्ट मत आहे. ताकदीच्या साखळीत काहीतरी सर्वांत कमजोर राहणारच. तो मान क्रॉसला द्यावा. क्रॉस तुटला तर बांधावर बसून तासाभरात बदलता येतो. क्रॉस अभेद्य केला तर तोच हिसका क्राउन-पिनियनचे दाते उडवतो, आणि ऐन गाळपात गाडी कित्येक दिवस उभी राहते, तोडणी मजुरांची टोळीही खोळंबते.

कोन आणि योकची जुळणी : एकटा क्रॉस कोनात फिरताना एकसारख्या गतीने फिरत नाही. १० अंशांच्या कोनात गती फेरीत दोनदा दीड टक्क्याने कमीजास्त होते. ३० अंशांत ती १३ टक्क्यांनी घटते आणि १५ टक्क्यांनी वाढते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आणि दोन्ही कोन सारखे असले, तर एका टोकाची चढउतार दुसरे टोक रद्द करते. पाट्यांची संख्या वाढवून किंवा खाली ठोकळे देऊन गाडी उचलली की कोन वाढतात आणि पिनियनचे तोंड पाचरीने पुन्हा नीट करावे लागते. ग्रीस भरायला स्लिप काढताना दोन्ही भागांवर पंचाने खूण करणे याच कारणासाठी आवश्यक आहे. एक दाता इकडचा तिकडे बसला तरी थरथर सुरू होते आणि मिस्त्री भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतो. अगदी शून्य कोनही नको. एकदोन अंशांचा कोन नसेल तर कपातल्या सुया जागच्या जागी राहून क्रॉसवर चरे पाडतात.

नवी नळी वेल्ड केलेला शाफ्ट बॅलन्सिंग मशिनवर चढल्याशिवाय गाडीखाली जाता कामा नये. अशा शाफ्टसाठी रूढ असलेल्या जी-१६ दर्जानुसार, ३,००० फेऱ्यांनी फिरणाऱ्या १० किलोच्या शाफ्टला ७५ मिलिमीटरच्या नळीवर प्रत्येक टोकाला सुमारे ७ ग्रॅमचाच असमतोल चालतो. हाताने ओढलेला वेल्डचा एक जाडसर थर याहून जड असतो.

भाग कुठून मिळवावेत : सोलापूरचे नाव मोटारभागांच्या व्यवसायात कॅमशाफ्टमुळे आहे. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इथल्या औद्योगिक वसाहतींतून देशविदेशांतल्या इंजिनांना कॅमशाफ्ट पुरवते. किर्लोस्कर फेरसचा ओतकामाचा कारखानाही सोलापुरात आहे. मात्र ही कौशल्ये ओतीव लोखंडाची आहेत. जॉइंट शाफ्टचे योक घडीव पोलादाचे लागतात. ओतून केलेला योक हिसक्याला दुभंगतो. हा फरक लक्षात न घेता ‘इथेच करून घेऊ’ म्हणणे महागात पडते. इथल्या लेथवर नळी कापणे, फ्लँजला भोके पाडणे, पाचरी करणे ही कामे उत्तम होतात. योक, क्रॉस आणि स्लिप मात्र तयारच आणावेत.

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतली हिंदुस्थान हार्डी ही कंपनी प्रोपेलर शाफ्ट आणि क्रॉसच बनवते. तिच्या जुन्या नावात स्पायसर होते. पुण्याजवळ चाकणला दाना आनंद इंडिया (पूर्वीची स्पायसर इंडिया) आहे. किरकोळ खरेदीसाठी पुण्याची नाना पेठ आणि मुंबईचा ऑपेरा हाउस परिसर हे सुट्या भागांचे जुने बाजार. दिल्लीचे काश्मिरी गेट त्याहून मोठे, पण तिथून मागवलेला भाग चुकला तर परत पाठवण्यातच आठवडा जातो. मोडलेल्या ट्रकांचे अख्खे शाफ्ट कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळतात. भंगारातला शाफ्ट घ्यायला हरकत नाही. नळीला पोचा नसावा, योकच्या कानांना चीर नसावी आणि स्लिपचे दाते हाताने हलवून खेळ जाणवू नये. क्रॉस मात्र कधीही जुना घेऊ नये.

नकली क्रॉस ओळखायची एक सोपी रीत आहे. अस्सल क्रॉसची दांडी वरून कडक केलेली असते, तिच्यावर कानस घसरते. नकलीवर कानस चावते. डब्यावरच्या छपाईपेक्षा ही परीक्षा भरवशाची.

नोंदणी आणि कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याचा कडक अर्थ लावला. घासलेला शाफ्ट किंवा क्रॉस बदलणे ही दुरुस्ती झाली. त्याबरोबर इंजिनही बदलले, तर सोलापूरच्या एमएच-१३ किंवा अकलूजच्या एमएच-४५ कार्यालयात जाऊन आधी परवानगी घ्यावी लागते.

देखभाल : क्लच सोडताना ‘टक्’ असा आवाज येणे ही पहिली खूण. कपाच्या कडेला तांबूस पूड दिसली तर आतले ग्रीस संपून सुया गंजत आहेत. चारही कपांतून जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारावी. एका कपातून आले नाही तर तो कप कोरडाच आहे, क्रॉस काढावा. ओढ्यातून किंवा चिखलातून गाडी निघाली की त्याच दिवशी ग्रीस द्यावे, कारण रात्रभर आत राहिलेले पाणी सकाळपर्यंत सुया धरते. शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली लोखंडी कडे बसवलेले असावे. पुढचा क्रॉस तुटून ते टोक रस्त्यावर पडले आणि जमिनीत रुतले, तर भरली गाडी मागून उचलली जाते. उसाच्या गाड्यांमागे रात्री दुचाकीवाले चालत असतात, त्यामुळे हे कडे नसलेली गाडी फडातून बाहेर काढूच नये.