उंदरांचें विष आणि घरचीं जनावरें

मांजर मनुष्याच्या वस्तींत आलें तें उंदरांच्या मागोमाग. मनुष्य धान्य सांठवूं लागला, कोठारांत उंदीर शिरले आणि उंदरांसाठीं मांजर तेथें रमलें, असें शास्त्रज्ञ मानतात. पुढें मांजराचें काम पुरेसें वाटेना, म्हणून मनुष्यानें विष आणलें; आणि उंदरासाठीं मांडलेलें विष घरच्या मांजरास व कुत्र्यास आयतेंच मिळूं लागलें. उंदीर मरावा आणि घरचें जनावर वांचावें, हा पेंच वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. उंदीरमार औषधांच्या गेल्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासांत तो पुन:पुन्हां डोकें वर काढतो.

एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील घरांतून उंदरांसाठीं सोमल वापरीत. त्याची पूड पांढरी व बेचव. पिठांत पडली तर ओळखूं येत नाहीं. माणसेंच मरूं लागलीं तेव्हां १८५१ सालीं कायदा झाला. विकणाऱ्यानें नोंद ठेवावी, अनोळखी गिऱ्हाइकास माल देऊं नये आणि किरकोळ विक्रीच्या सोमलांत काजळी किंवा नीळ मिसळावी, असें त्यानें ठरविलें. तरीही १८५८ सालीं ब्रॅडफर्ड येथें मिठाईंत चुकून सोमल पडून सुमारें २० माणसें दगावलीं. कायद्याला काळजी होती ती माणसांची. अंधारांत हुंगत फिरणाऱ्या कुत्र्याला काजळीचा रंग काय सांगणार?

सोमलाचा सोबती म्हणजे स्ट्रिक्नीन. पेल्त्ये व कावाँतू या फ्रेंच रसायनज्ञांनीं तें १८१८ सालीं वेगळें काढलें. कुचल्याच्या बियांतलें विष तें हेंच, आणि कुचल्याचें झाड म्हणजे आमच्या कोंकणांतला काजरा. यानें कुत्र्यास असे भयंकर झटके येतात कीं वैद्यास बोलावण्यापूर्वींच खेळ आटोपावा. त्यामानानें भूमध्य समुद्राच्या कांठचा तांबडा रानकांदा पुष्कळच सभ्य. उंदराला ओकतां येत नाहीं, कुत्र्या-मांजरांना येतें. या एका भेदावर या विषाची सारी मदार. युक्ति नामी खरी. पण कांदा कडू असल्यामुळें उंदीर त्यास फारसे तोंड लावीनात! जलद विषांचाही असाच दोष. एक उंदीर तडफडला आणि दुसरा थोडेंसें खाऊन वांचला, कीं तो त्या आमिषाकडे पुन्हां वळत नाहीं.

या पेंचांतून निघालेली वाट उंदरांच्या शोधांतून सांपडली नाहीं. ती गुरांच्या चाऱ्यांतून आली. १९२० नंतरच्या वर्षांत कॅनडा व उत्तर अमेरिकेंतील गुरें रक्तस्राव होऊन मरूं लागलीं. मेथीच्या कुळांतील ‘स्वीट क्लोव्हर’ नांवाचा चारा बुरसल्यानें असें होतें, हें शोफील्ड या पशुवैद्यानें दाखविलें. पण त्यांतलें विष कोणतें, तें कळेना. १९३३ च्या फेब्रुवारींत एड कार्लसन नांवाचा विस्कॉन्सिनमधील शेतकरी हिमवादळांतून सुमारें १९० मैल गाडी हांकीत मॅडिसन येथें आला. गाडींत एक मेलेली कालवड, बुरसलेल्या चाऱ्याचा भारा आणि दुधाच्या कॅनमध्यें न गोठणारें रक्त. सरकारी पशुवैद्याची कचेरी बंद होती. तेव्हां तो विश्वविद्यालयांत शिरला आणि कार्ल पॉल लिंक या रसायनज्ञाच्या प्रयोगशाळेंत पोंचला. कचेरी त्या दिवशीं उघडी असती तर! इतिहासाच्या अभ्यासकानें असल्या ‘तर’च्या नादीं लागूं नये हें खरें, पण मोह आवरत नाहीं.

सहा वर्षांच्या खटपटीनंतर, १९३९ सालीं, लिंकच्या शाळेंत तें विष शुद्ध स्वरूपांत हातीं आलें. पुढें १९४५ सालीं क्षयावरील आरोग्यभवनांत पडून असतां लिंकनें उंदीर-नाशाचा इतिहास वाचला आणि या द्रव्याच्या भावंडांपैकीं एखादें त्या कामीं लावावें असें त्याच्या मनांत आलें. तें भावंड म्हणजे १९४८ सालीं पुढें आलेलें वॉर्फरिन. रक्त गोठविणारीं द्रव्यें यकृतांत तयार होतात व त्यांस ‘के’ जीवनसत्त्व लागतें. वॉर्फरिन तें जीवनसत्त्व निकामी ठेवतें. रक्तांतला जुना सांठा दोन-चार दिवस पुरतो, म्हणून उंदराला संशय येत नाहीं. उलट त्याच अवकाशांत घरच्या जनावरास उतारा देतां येतो. कारण डेन्मार्कच्या डाम यानें कोंबड्यांवरील प्रयोगांतून ‘के’ जीवनसत्त्व आधींच शोधून ठेवलें होतें.

पण हा अवकाश दुधारी आहे. कुत्र्यानें वडी खाल्ली तरी तो त्या दिवशीं शेंपूट हालवीतच फिरतो आणि धनी निश्चिंत होतो. हिरड्या पांढुरक्या पडणें, सुस्ती, धांप, नाकांतून रक्त हीं चिन्हें बहुधा दोन ते पांच दिवसांनीं दिसतात; तोंवर वडीची गोष्ट घरांत कोणाला आठवत नसते. शिवाय १९५८ सालीं स्कॉटलंडांत वॉर्फरिनला न जुमानणारे उंदीर आढळले आणि त्यानंतर अधिक जालीम औषधें निघालीं. आमच्याकडे दुकानांत मिळणारें ब्रोमॅडिओलोन त्यांतलेंच. तीं यकृतांत दीर्घ काळ टिकतात, त्यामुळें विष खाल्लेला उंदीर मांजरानें खाल्ला तर त्यालाही धोका. अशा विषावर ‘के-१’ जीवनसत्त्व कित्येक आठवडे द्यावें लागतें, आणि थांबविल्यावर रक्त पुन्हां तपासावें लागतें.

अमेरिकेंत २००८ सालच्या सरकारी निर्णयानें घरगुती आमिष जनावरांस व मुलांस उघडतां येणार नाहीं अशा पेटींतच विकावें असें ठरलें. आमच्या घरांतून मात्र वडी अजून फळीखालीं उघडी सरकवितात. जनावरानें ती खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी चिन्हांची वाट न पाहतां त्याच दिवशीं पशुवैद्याकडे जावें. मीठपाणी पाजून ओकविण्याचा घरगुती उपाय करूं नये. त्या मिठानेंच कुत्रीं दगावतात. आणि वेष्टन बरोबर न्यावें. झिंक फॉस्फाइडची काळी पूडही उंदरांचें औषध म्हणूनच विकली जाते. तिचा पोटांत विषारी वायु होतो, आणि ‘के’ जीवनसत्त्वाचा तिच्यावर कांहीं उपयोग नाहीं.